लेकरू वर्षाचं, आई बर्फावर

आमच्या साखऱ्यात बर्फ दिसतो तो जत्रेतल्या गोळ्याच्या गाडीवर. त्याच्यावर धारदार पात्याचे बूट घालून माणसं नाचतात म्हटल्यावर शेजारची सून खुदकन हसली. विषय तिच्यामुळेच निघाला. लग्नाआधी ती खो-खो खेळायची. आता लेक सात महिन्यांची झालीय आणि गावातल्या मुलींना संध्याकाळी खेळ शिकवायचं तिच्या मनात आहे. "पण काकू, बाळंतपणानंतर शरीर पहिल्यासारखं चालतं का हो?"

मी तिला इरिना रोदनिनाची हकिकत सांगितली. मॉस्कोची ही मुलगी, जन्म १९४९ चा. लहानपणी सारखा न्यूमोनिया व्हायचा, म्हणून आईवडिलांनी स्केटिंगला घातली. पुढे ती जोडीनं खेळू लागली. या खेळात बाई आणि पुरुष संगीताच्या तालावर बर्फावरून घसरत जातात. तो तिला डोक्यावर उचलतो, नि उतरताना तिनं तोल सांभाळायचा. सगळा भरवसा त्याच्या हातांवर!

अलेक्सेई उलानोवबरोबर ती १९६९ पासून दरवर्षी जगज्जेती ठरत होती. १९७२ ला सप्पोरोमध्ये ऑलिंपिकचं सुवर्णपदकही मिळालं. पण उलानोवचं मन जडलं होतं प्रतिस्पर्धी जोडीतल्या ल्युदमिला स्मिर्नोवावर. त्यानं तिच्याशी लग्न केलं आणि खेळातही तिचाच हात धरला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या आधी सरावात इरिना त्याच्या हातून खाली पडली, डोक्याला मार लागला. तरी ती उतरली आणि जिंकली.

मग आला अलेक्सांद्र झाइत्सेव. तिच्याहून लहान, फारसं नाव नसलेला. १९७३ ला ब्रातिस्लावात ऐन स्पर्धेत संगीत बंद पडलं. दोघं थांबली नाहीत, नुसत्या पात्यांच्या आवाजावर कार्यक्रम पुरा केला. पहिला नंबर त्यांचा. आणि दुसरा कुणाचा म्हणाल? उलानोव-स्मिर्नोवाचा! (मला बाई हे वाचून फार बरं वाटलं.)

१९७५ ला दोघांनी लग्न केलं, १९७६ ला पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण. १९७८ पर्यंत तिची ओळीनं दहा जागतिक विजेतेपदं झाली. फेब्रुवारी १९७९ मध्ये मुलगा झाला. त्या वर्षीचं विजेतेपद बॅबिलोनिया आणि गार्डनर या अमेरिकन जोडीकडे गेलं. सगळ्यांना वाटलं असेल, संपलं आता. पण लेकरू वर्षाचंही नव्हतं तेव्हा, फेब्रुवारी १९८० मध्ये, लेक प्लॅसिडला तिनं तिसरं सुवर्ण घेतलं. गार्डनर दुखापतीनं बाहेर पडला होता हे खरं, पण तिशीतल्या बाळंतिणीचं ते खेळणं काही नशिबाचं नव्हे. पदक घेताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढे तो संसार मोडला. तिनं अमेरिकेत मुलं शिकवली, आणि तिच्या हाताखालची चेक जोडी १९९५ ला जगज्जेती झाली.

सूनबाईला मी एवढंच सांगितलं, की आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून ये. पहिले काही दिवस नुसतं चालायचं, उड्या नि धावणं नंतर. पोटाखाली जड वाटलं, किंवा शिंकताना लघवी सुटत असली, तर लाजू नकोस, विचार.

सासूबाई उंबऱ्यात गहू निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "तिचा नवरा सोबतच खेळत होता, तिचं बरंय. आमचा रात्री घरी येतो." मग सूप बाजूला ठेवून नातीला उचललं नि सुनेला म्हणाल्या, "पाच ते सहा. सहाला ये, पिणारं लेकरू आहे."