अज्ञान खातेदाराचा ओव्हरड्राफ्ट

बँकेत नोकरीला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत ज्या गोष्टी घोकून पाठ कराव्या लागत, त्यांत एक होती अज्ञान व्यक्तीच्या खात्याची. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा. मग तो कितीही हुशार असो. त्याच्या नावानं खातं उघडता येतं, त्यात पैसे भरता येतात, काढताही येतात. पण त्याला ओव्हरड्राफ्ट द्यायचा नाही. अज्ञानाशी केलेला करार कोर्टात टिकत नाही, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं मोहोरी बीबीच्या खटल्यात पक्कं करून टाकलं. बँकवाल्यांच्या सीएआयआयबी परीक्षेला हा खटला हमखास यायचा. मीही तो लिहिला, पास झालो आणि जादा इन्क्रिमेंट पदरात पाडून घेतलं. पुढं सगळ्या नोकरीत मोहोरी बीबी पुन्हा काही भेटली नाही.

ती भेटली २०२३ च्या डिसेंबरात, निवृत्तीनंतर, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून आलेल्या एका फोनमध्ये.

फोन पुतण्याचा होता. आवाज खाली गेलेला. ‘काका, तिच्या नावावर एफ पडला.’ ती म्हणजे त्याची मुलगी, माझी चुलतनात. वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी. मी म्हटलं, पडू दे. सहामाहीत नापास झालेली कितीतरी मुलं पुढं मॅनेजर झालेली मी पाहिली आहेत. तो म्हणाला, ‘काका, शाळेत नाही हो. कॉलेजात.’

दहावीतली मुलगी कॉलेजात नापास कशी होते, हे समजून घ्यायला मला दोन रविवार लागले.

तर प्रकार असा. अमेरिकेत हायस्कुलात असतानाच कॉलेजचे काही विषय घेता येतात. शाळेला ते शाळेचे म्हणून चालतात आणि कॉलेजात त्याची ‘क्रेडिट्स’ जमा होतात. १९८५ साली मिनेसोटा राज्यानं यासाठी पहिला राज्यव्यापी कायदा केला. ओहायोत २०१५ पासून याला ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ म्हणतात. सातवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना, पात्रता असेल तर, सरकारी शाळेतून सरकारी कॉलेजचा विषय घेता येतो; फी नाही, पुस्तकांचेही पैसे नाहीत. तीन क्रेडिटांचा कॉलेजचा विषय एका सत्रात संपतो आणि शाळेच्या दप्तरी तो अख्ख्या वर्षाचा विषय म्हणून मांडला जातो. पदवीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात. वर्षाला तीस मिळवता येतात. कोणत्याही बापाच्या डोक्यात इथं गुणाकार सुरू होतो. माझा पुतण्या तर इंजिनिअर. बारावी संपेपर्यंत साठ क्रेडिट्स, म्हणजे कॉलेजची दोन वर्षं फुकटात खिशात! घरबसल्या ऑनलाइन विषय घेतले की गाडी घेऊन कुणी सोडायला जायलाही नको.

त्याला हसू नये. तिथल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचं शैक्षणिक कर्ज आज दीड लाख कोटी डॉलरहून अधिक आहे. कर्जखात्यात आयुष्य काढलेल्या माणसालाही त्या आकड्यातली शून्यं मोजावी लागतात. शिवाय जे कुटुंबात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढतात, त्यांच्या मुलांना सोळाव्या वर्षी ‘मला हे जमतं’ एवढं कळणं ही मोठी गोष्ट आहे. २०२२-२३ साली अशी हायस्कुलात राहून कॉलेजचे विषय घेणारी मुलं पंचवीस लाखांच्या घरात होती. कम्युनिटी कॉलेजातल्या दर पाच विद्यार्थ्यांत एक शाळकरी!

आता एफची गोष्ट. नातीनं त्या सत्रात चार विषय घेतले. दोन शाळेतले आणि दोन कॉलेजचे, ऑनलाइन. इंग्रजी लेखनात बी मिळाला. मानसशास्त्रात एफ. मानसशास्त्राच्या त्या वर्गाला ठरलेली वेळ नव्हती. व्हिडिओ केव्हाही बघा, चर्चेत चार ओळी लिहा आणि रविवारी रात्री अकरा एकोणसाठच्या आत चाचणी द्या. पहिले चार आठवडे नीट गेले. पाचव्यात शाळेच्या वाद्यवृंदाचा दौरा होता. सहाव्यात ती सर्दीतापानं झोपून होती. सातव्यात, ती मला म्हणाली, ‘आजोबा, मग मला ते पान उघडायचीच भीती वाटायला लागली.’ प्राध्यापकांनी दोनदा ईमेल पाठवली होती. ती गेली कॉलेजनं दिलेल्या पत्त्यावर, आणि ही बघत होती शाळेचा पत्ता.

वसुलीचं काम केलेल्या माणसाला ही हकीकत ऐकून हसावं की रडावं कळेना. थकलेला कर्जदार नेमकं हेच करतो. एक हप्ता चुकतो, दुसरा चुकतो, आणि मग तो बँकेच्या रस्त्यानं जाणंच सोडतो. आम्ही निदान शिपायाला घरी पाठवत असू.

बापाला काहीच कसं कळलं नाही? तर विद्यार्थ्यांच्या नोंदींबाबत अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे. मूल एकदा कॉलेजच्या पटावर आलं की तिथल्या नोंदींवरचा हक्क त्याचा. वय पंधरा असलं तरी. पुतण्यानं कॉलेजला विचारलं, तेव्हा त्यांनी अतिशय नम्रपणे कळवलं की ही माहिती विद्यार्थिनीच्या मालकीची आहे. आणि ऑगस्टमध्ये याच मुलीच्या कॉलेज-प्रवेशासाठी, अभ्यासक्रमात प्रौढ विषय येऊ शकतात याला आमची हरकत नाही, अशा कागदावर आईबापांची सही घेतलेली! सहीपुरती ती अज्ञान, हिशेबाला सज्ञान. वर शाळा-जिल्ह्याचं पत्र आलं: विषय नापास झाल्यामुळं भरलेली फी परत करावी, पाचशे डॉलरच्या आसपास. (गरीब घरच्या मुलांकडून सहसा ही वसुली करत नाहीत, हे इथं सांगायला हवं.) पैशाचं दुःख पुतण्याला नव्हतं. त्याला झोप येत नव्हती ती वेगळ्याच कारणानं. तो एफ कॉलेजच्या प्रगतिपत्रकावर कायमचा राहणार होता. विषय पुन्हा घेऊन पास झालं तर सरासरी सुधारते, पण ओळ पुसली जात नाही. पुढं कुठंही प्रवेश मागताना ती दाखवायची. आर्थिक मदत देतानाही कॉलेजं मागचा हिशेब बघतात.

म्हणजे मुलीला बँकेत पन्नास डॉलरचा ओव्हरड्राफ्ट कुणी देणार नाही, पण शिक्षणाच्या खात्यात पंधराव्या वर्षी तिच्या नावे रक्कम टाकली गेली. आमच्या खतावणीत क्रेडिट म्हणजे जमा. जमा होऊ शकतं तिथं नावेही पडू शकतं, ही दुसरी बाजू त्या घरात कुणी वाचलीच नव्हती.

हा क्रेडिटचा हिशेब आला कुठून, हे शोधताना मात्र मला फार गंमत वाटली. तो आला पेन्शनमधून! पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी १८९० साली कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त झाले, आणि प्राध्यापकांचे पगार बघून चकित झाले. त्यांच्या कारखान्यातले कारकूनही जवळपास तेवढंच मिळवत होते. १९०५ मध्ये त्यांनी एक कोटी डॉलर काढून प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी संस्था स्थापन केली. पण पेन्शन द्यायची तर खरं कॉलेज कोणतं, हे ठरवायला हवं. संस्थेनं अट घातली: जे हायस्कूलच्या किमान चौदा ‘युनिट’शिवाय प्रवेश देत नाही, तेच कॉलेज. आणि युनिट म्हणजे एका विषयाचा वर्षभरात १२० तास वर्ग. पेन्शनच्या आशेनं कॉलेजांनी ते भराभर स्वीकारलं, आणि कॉलेजच्या आतही तासांवरच क्रेडिट मोजलं जाऊ लागलं. मूल किती शिकलं हे त्यात कुठंच नव्हतं. किती तास बसलं एवढंच होतं. निवृत्तिवेतनावर जगणारा मी या व्यवस्थेला नावं कशी ठेवू? पण तास मोजायचे तर समोर वर्ग तरी हवा. ऑनलाइन विषयात वर्ग गेला, तास गेले आणि क्रेडिट तेवढं राहिलं.

दुसरा प्रश्न क्लिअरिंगचा. दुसऱ्या बँकेवरचा चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं नव्हे. तो वटायला हवा. क्रेडिटचंही तसंच. ओहायोच्या सरकारी कॉलेजचे विषय राज्यातल्या सरकारी विद्यापीठात बहुधा सुरळीत वटतात. खासगी, नामांकित कॉलेजात मात्र भरवसा नाही. डार्टमथ कॉलेजनं २०१३ मध्ये जाहीर केलं, की ‘एपी’ या शालेय परीक्षांतल्या गुणांवर आता क्रेडिट देणार नाही. त्याआधी त्यांच्या मानसशास्त्र विभागानं एक प्रयोग केला होता. ज्यांना एपीत पाचपैकी पाच मिळाले होते, अशा शंभरावर मुलांची आपल्या पहिल्या विषयाच्या धर्तीवर परीक्षा घेतली. नव्वद टक्के नापास झाली. त्यावर टीका झाली, परीक्षा उन्हाळ्याच्या सुटीनंतर अचानक घेतली वगैरे. ती रास्तही असेल. पण पुतण्याच्या गुणाकारात हा हातचा धरलेला नव्हता.

अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं २०१५ मध्ये एक वेगळी रीत काढली, ती मला बँकवाला म्हणून पटली. ऑनलाइन विषय आधी शिका, परीक्षा द्या, निकाल बघा आणि क्रेडिट हवं असेल तर मग पैसे भरा. जमलं नाही तर खात्याला डाग नाही. अज्ञान खातेदाराशी व्यवहार करायचा तो असा. शाळकरी मुलांसाठी सगळीकडं निदान पहिले दोन विषय या पद्धतीनं ठेवले, तर कुणाचं काय बिघडणार आहे?

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. आपल्याकडं २०२१ मध्ये ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. नावातच बँक! जमा झालेली क्रेडिट्स तिथं जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानं ही मोजणी पाचवीपासून धरली आहे: वर्षाचे १२०० तास, चाळीस क्रेडिट्स. ‘स्वयम्’वर ऑनलाइन विषय आहेत. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन पदवीसाठी अकरावीची परीक्षा दिलेल्या मुलालाही अर्ज करता येतो. पण चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतरच. हा सावधपणा मला शहाणपणाचा वाटतो.

भीती आहे ती आपल्या घरांची. आमच्या वेळी अकरावी-बारावी नुकतीच ‘ज्युनियर कॉलेज’ झाली होती. तासाला बसणं हे काम होतं. आज विज्ञान शाखेची किती मुलं नाव एकीकडं लावून दिवसभर क्लासला बसतात, हे घरोघर ठाऊक आहे. ते थांबवण्यासाठी राज्य सरकारला २०१८ मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अशा घरात उद्या आठवीतल्या मुलाच्या नावानं क्रेडिटचं खातं उघडलं, तर ते चालवणार कोण? मुलगा की वडील? रविवारी रात्री अकरा एकोणसाठला चाचणी कोण देणार, हेही विचारून ठेवावं.

नातीशी मी त्या डिसेंबरात तीन-चार वेळा बोललो. उपदेश करायचा नाही, असं पुतण्याला आधीच सांगितलं होतं. विषय अवघड होता का, विचारलं. ‘नाही आजोबा, पुस्तक छान होतं.’ मग? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘तिथं मला कुणी ओळखतच नव्हतं.’

पुढच्या उन्हाळ्यात तिनं तोच विषय पुन्हा घेतला. या वेळी वर्गात बसून. आईला आणि बापाला ते नको होतं. अजून एक एफ पडला तर, ही धास्ती. तिनं ऐकलं नाही. आठवड्यातून दोनदा बसनं जायची. शेजारच्या बाकावर तिशीतल्या, रात्रपाळीला इस्पितळात मदतनीसाचं काम करणाऱ्या एक बाई बसत. डुलकी लागली तर हिनं त्यांना कोपरानं उठवायचं आणि त्यांनी हिला घरी जाताना बसस्टॉपपर्यंत सोडायचं, असा दोघींचा करार. कायद्यानं तो टिकला नसता. तिला ए मिळाला, त्यांना बी.

आता ती बारावीला आहे. साठाचं कुणी बोलत नाही; एकवीस क्रेडिट्स आहेत. तिला आवडलेल्या एका खासगी कॉलेजनं कळवलं आहे की प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम पाठवा, मग किती धरायचे ते ठरवू. ऑनलाइन विषयांची पानं सत्र संपल्यावर बंद झाली, त्यामुळं पुतण्या कॉलेजला ईमेल पाठवत बसला आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे छापील कागद तेवढे मुलीच्या कपाटात सापडले. मागच्या बाजूला त्या बाईंनी लिहून दिलेल्या बसच्या वेळा आहेत. तीच बाजू चुकून स्कॅन होऊन गेली, असं काल फोनवर सांगत होती.