हवेवर उभे असलेले घर

अमेरिकेतील मिशिगन राज्यात पॉन्टिॲक या गावी जनरल मोटर्सच्या ट्रक विभागाने १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत चाकांवरचे एक घर बांधले. ‘जीएमसी मोटरहोम’ हे त्याचे नाव. २३ आणि २६ फूट अशा दोन लांबींत ते मिळत असे. सुमारे १३ हजार गाड्या तयार झाल्या आणि कंपनीने तो उद्योग आटोपता घेतला. गाड्या मात्र टिकल्या. त्यांचे सुटे भाग पुरवणारे छोटे दुकानदारही टिकले, आणि त्यांपैकी कित्येक जण स्वतःच अशा गाडीचे मालक असतात. मूळ साडेसोळा इंची चाकांसाठी टायर मिळेनासे झाले तेव्हा पुष्कळांनी सोळा इंची चाके बसवली आणि गाडी चालू ठेवली. उत्पादन बंद झालेल्या मालाची बाजारपेठ अशीच तगते. हे व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको.

या गाडीचे इंजिन पुढे असते आणि ते पुढचीच चाके ओढते. ही सारी जुळणी ओल्डस्मोबाइलच्या ‘टोरोनाडो’ मोटारीवरून घेतलेली होती. त्यामुळे मागे जाणारा दांडा नाही आणि मागचा आडवा ॲक्सलही नाही. घराची जमीन म्हणूनच खाली राहते. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके असून प्रत्येक चाक स्वतंत्र पोलादी भुजेवर बसवलेले असते. दोन्ही भुजांच्या मध्ये हवेची एक जाड रबरी पिशवी आडवी असते. पाट्यांची स्प्रिंग मागे कुठेच नाही. स्वयंपाकाची भांडी, पाण्याची टाकी, निजलेली मुले, मागच्या भागाचा सगळा भार या दोन पिशव्यांवर येतो. हवा गेली की घर त्या बाजूला बसते.

पिशवीत हवा भरणे वा सोडणे ही कामे चालकाला आपल्या जागेवरूनच करता येतात. उतारावर मुक्काम पडला तर एक बाजू उचलून घर समतल करायचे. ही केवळ झोपेची सोय नव्हे. अशा गाड्यांतील गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटात अमोनियाचे द्रावण उतारानेच फिरते. गाडी फार वेळ कललेली राहिली, तर ते द्रावण अडते आणि कपाट कायमचे निकामी होऊ शकते. म्हणजे बोटभर नळीतली हवा दूध, भाजी आणि औषधे यांच्याशी थेट बांधलेली आहे.

ही हवा देणारा छोटा विजेचा कॉम्प्रेसर पूर्वीच्या गाड्यांत एक असे. अखेरच्या काळातील गाड्यांत प्रत्येक बाजूला एक, असे दोन आले. इतक्या वर्षांनंतर ते थकतात यात नवल नाही. मालकाला मोटरची घरघर ऐकू येते, गाडी उचलत नाही, आणि तो नवा कॉम्प्रेसर मागवतो. नेमकी येथेच चूक होते. पुष्कळदा कॉम्प्रेसर आपल्या दोषाने मरत नाही. नळीच्या जोडातून, झडपेतून किंवा जुन्या पिशवीच्या भेगेतून हवा रात्रंदिवस झिरपत असते आणि ती भरून काढता काढता तो जळतो. गळती शोधल्याविना नवा बसवला तर त्याचीही गत तीच. इचलकरंजीत एअरजेट मागांना हवा पुरवणाऱ्या कारखानदारांना हे ठाऊक आहे. दुर्लक्षित यंत्रणेत कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेपैकी वीस ते तीस टक्के हवा गळतीतच जाऊ शकते, आणि तिचे वीजबिल मात्र पूर्ण भरावे लागते.

गळती शोधण्याचे साधन पंक्चरवाल्याकडचेच आहे: साबणाचे पाणी. पिशव्या भरून प्रत्येक जोडावर ते लावायचे आणि बुडबुडा कुठे फुगतो ते पाहायचे. पण त्यासाठी गाडीखाली जावे लागते, आणि येथे घाई प्राणावर बेतते. केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पुढच्या चाकांना उटी लावून, चौकटीखाली पुरेशा क्षमतेचे पोलादी स्टँड देऊन, गाडीचा भार त्यांवर आल्याची खात्री करूनच हात घालावा. नळी सोडण्यापूर्वी पिशवीतली हवाही पूर्ण काढावी. जुनी नळी सुटली तर त्या भागाचे घर एका श्वासात खाली येते. मदतीला आलेल्या मुलानेही तोवर बाहेरच थांबावे.

नवा कॉम्प्रेसर निवडताना त्याची किंमत शेवटी पाहावी. टायर भरण्याचे स्वस्त यंत्र शंभर पौंडांचा दाब दाखवते खरे, पण तो दाब किती वेळ पेलू शकते ते पाहणे महत्त्वाचे. सलग किती मिनिटे चालावे आणि किती मिनिटे विश्रांती घ्यावी, याचे प्रमाण निर्माता देतो. दुसरी गोष्ट, पिशवीत आधीच दाब असताना मोटर सुरू होते का? काही लहान यंत्रे त्या विरोधापुढे अडकतात आणि फ्यूज उडतो. म्हणून एकदिशा झडप हवी, आणि थांबताना मुखाजवळचा दाब सोडणारी व्यवस्थाही हवी. दाबताना हवा तापते. मुखालगत प्लास्टिकची नळी मऊ पडते, तेथे धातूची जाळी असलेली नळीच योग्य. हवेतल्या ओलाव्यासाठी शोषक कुपी लावली नाही तर पाणी नळीत साचते आणि मिशिगनच्या हिवाळ्यात गोठून झडप बंद पाडते. डाव्या-उजव्या पिशव्या एकाच नळीने मोकळ्या जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास वळणावर भार आलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी आणखी कलते.

विजेचे काम मात्र सगळ्यांत उपेक्षित राहते. मूळ बटणाच्या बारीक तारांवर नव्या मोटरचा प्रवाह टाकू नये. तो रिलेमार्फत जाड तारेने आणावा, फ्यूज बॅटरीजवळ ठेवावा. मोटर चालू असताना तिच्याच टोकांवर व्होल्टमीटर लावून पाहिले, तर १२ व्होल्टपैकी किती वाटेतच हरवले ते कळते. कमी दाबाच्या विजेवर मोटर मंदावते, तापते, आणि ‘नवा माल खराब निघाला’ असा दोष दुकानदारावर येतो.

सगळे जोडून झाले तरी मालक त्या दिवशी प्रवासाला निघत नाही. दोन्ही बाजू प्रवासाच्या उंचीवर आणून तो कॉम्प्रेसर बंद करतो, चाकाच्या कमानीखाली पट्टी धरून उंची मोजतो आणि खडूने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवतो. पहाटे पुन्हा तीच पट्टी, तीच जागा. उजवी बाजू जशीच्या तशी. डावी अर्धा इंच उतरलेली. तो साबणाचे पाणी घेऊन पुन्हा स्टँड लावू लागतो.