खाजतो म्हणून रानसुरण उपटू नका

'खाई त्याला खवखवे' या म्हणीचा अर्थ समजायचा असेल तर रानसुरण अर्धा कच्चा खाऊन पाहावा! पण शेतकरी बंधू सध्या वेगळाच प्रश्न विचारतात. "साहेब, गजेंद्रचं बेणं महाग. रानातला कंद फुकट. तोच लावला तर काय बिघडलं?"

प्रश्न रास्त आहे. तीन बाय तीन फुटांवर अर्ध्या किलोचे तुकडे लावायचे तर एकरी सुमारे २४ क्विंटल बेणे लागते. खर्चाचा बोजा खराच. पण उत्तर कंदाच्या पोटात आहे.

दोन्ही कंद कापून शेजारी ठेवा. वर साल, आत पिठाने भरलेल्या पेशी आणि त्यांत विखुरलेले धागे. इथवर दोघे सारखेच. पण हायस्कुलातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप धरला, की काही पेशींत सुयांच्या जुड्या दिसतात. हे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. कंद चिरला की या सुया हाताला नि घशाला टोचतात, तीच खाज. रानसुरणात ती जबर असते. आंध्रातून आलेला गजेंद्र मुळात कमी खाजणारा म्हणूनच निवडलेला. शिवाय रानकंदाला पिल्ले फार फुटतात, गजेंद्र बहुधा एकच गोल गड्डा धरतो. व्यापाऱ्याला तोच हवा.

म्हणून बाजारासाठी गजेंद्रच लावा. पहिल्या वर्षी दोन-चार गुंठ्यांत लावून पुढचे बेणे घरचेच करा. आणि रानकंद त्याच्या पाटीत मिसळून विकू नका. एकदा घसा खाजला की ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

मग रानसुरण टाकाऊ का? मुळीच नाही. आपल्या आयाबाया चिंच घालून, पाणी बदलून तो शिजवतात. ते ज्ञान पिढ्यांचे आहे. ज्या सुया आपल्याला टोचतात, त्याच कंदाची राखण करतात. उद्या नव्या वाणासाठी काटकपणा शोधायचा तर तो रानातच सापडेल.

सरपंच व ग्रामसेवक मंडळींना विनंती एवढीच. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते. तीत रानसुरणाची नोंद, जागेसह, करून घ्या. आणि कंद खणणाऱ्यांनी कोंभाचा तुकडा तिथेच पुरावा. फुकट मिळते ते एकदा संपले, की विकतही मिळत नाही.