एक रविवार घरच्यांसाठी

गावाकडून मुंबईत आलेल्या कुटुंबांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट नेहमी जाणवते. पुरुषाला दोन-चार महिन्यांत लोकल, कामाची जागा, मशीद आणि चहाची टपरी सापडते. त्याच्यामागून आलेली पत्नी मात्र वर्षानंतरही खोली, नळ आणि बाजार एवढेच ओळखते. मुले मोबाइलमध्ये गुंतलेली. मग ‘इथे आपले कोण आहे?’ हा सवाल घरात रोज निघतो.

भावांनो, एक रविवार घरच्यांसाठी राखा. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरून राणीच्या बागेत चालत जाता येते. मोठमोठी जुनी झाडे, वाघ, पेंग्विन पाहून मुले हरखतील. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. तिथल्या छोट्या मातीच्या पुतळ्यांत जुन्या मुंबईतले नाना पेशांचे, नाना धर्मांचे लोक दिसतात. बाहेरून आलेल्यांनीही हे शहर घडवले, हे मुलांना तिथेच सांगा. बुधवारी मात्र जाऊ नका, दोन्ही बंद असतात. डबा घरून न्या. जुहरची वेळ झाली तर भायखळा-नागपाड्यात मशिदी आहेत.

आणखी एक. लोकलचे तिकीट पत्नीला काढू द्या, रस्ताही तिलाच विचारू द्या. पुढच्या वेळी, इन्शाअल्लाह, ती मुलांना घेऊन स्वतः जाईल. शहर तेव्हा साऱ्या घराचे होईल.