तग धरायचा तो एकट्यानेच का?

'मानसिक लवचिकता' हा शब्द हल्ली नोकरीच्या जाहिरातीपासून ऑफिसच्या शिबिरापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. ताण येणारच, तो झेलायला शिका, ध्यान करा, सकारात्मक राहा. सल्ला वाईट नाही. पण त्यात सगळं ओझं कर्मचाऱ्याच्या डोक्यावर येतं आणि कामाची जागा नामानिराळी राहते. हे मला पटत नाही.

बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यात, कलबुर्गीच्या सीमेकडे, मंठाळ हे गाव आहे. मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही भाषा कानावर पडणारा हा मुलूख. अशा गावांतल्या आशाताईंचं काम आठवून बघा. साधारण हजार वस्तीमागे एक आशा. गरोदर बाईची नोंद, बाळाची लस, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत; कोविडमध्ये तर घरोघरी फिरणं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातल्या आशा बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये निश्चित मानधनासाठी रात्रंदिवस बसून होत्या. महिना किमान दहा हजारांचं आश्वासन मिळाल्यावरच उठल्या. त्यांच्यात चिवटपणा कमी होता, असं कोण म्हणेल? कमी होता तो मोबदला.

याच संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. तो आजार नव्हे, तर कामाच्या जागेवरचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्याचा परिणाम, असं तिथे म्हटलंय. म्हणजे प्रश्न फक्त माणसाच्या मनाचा नाही, कामाच्या रचनेचाही आहे.

आणि ही गोष्ट या मातीला नवी नाही. बाराव्या शतकात याच कल्याणात बसवण्णा बिज्जळाच्या दरबारी नोकरीला होते. शरणांनी श्रमाला 'कायक' म्हणून मान दिला. परंपरा सांगते की अनुभव मंटपात दोर वळणारा, नाव चालवणारा, कपडे धुणारा असे सगळे एकत्र बसून आपापला अनुभव बोलत. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एकदा त्याने गरजेपेक्षा जास्त आणले, तर बायको लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले. कामाला मान, बोलायला जागा आणि 'पुरे' म्हणायची मुभा: मन टिकतं ते या तिघांवर.

आपल्यातले बरेच जण वर्षा-दोन वर्षांत नोकरीला लागतील. मुलाखतीत पगार विचाराल, तसं कामाचे तास, रजा आणि तक्रार कुणाकडे करायची हेही विचारा. मन फारच थकलं, तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन करायला लाजू नका. आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी गप्प गप्प दिसला, तर त्याला 'स्ट्राँग रहा' म्हणण्याआधी 'काय झालं रे?' एवढं विचारा.