मेलेलें हरिण कोणाचें ?

मोटारीखालीं सांपडून मेलेल्या हरिणाचें मांस फुकट कां घालवावें, असा प्रश्न अमेरिका पाहून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं बोरी बुद्रुक येथें ओट्यावर बसून आम्हांस विचारला. अलास्कांत असें मेलेलें मूस सरकार धर्मादाय संस्थांस देतें. ओरेगॉनांत २०१९ पासून परवाना घेऊन हरिण घरीं नेतां येतें, डोकें व शिंगें तेवढीं सरकारजमा करावीं लागतात. मग आपणच अन्न मातींत कां घालावें ? प्रश्न वरवर रास्त दिसतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानें मेलेलें आढळलेलें वन्य जनावर सरकारची मालमत्ता ठरतें. तें ज्याच्या हातीं येईल त्यानें ४८ तासांच्या आंत पोलिसांस वा वनाधिकाऱ्यास कळवावें. परवानगीवांचून ठेवूं नये, कोणास देऊं नये. चिंकारा तर पहिल्या अनुसूचींतला. त्याच्या मांसाबद्दल गुन्हा शाबीत झाला तर ३ ते ७ वर्षें कैद व निदान २५,००० रुपये दंड. हें कोणास जुलमी वाटेल. परंतु अमेरिकेंत हरिणाची शिकार परवान्यानें उघड चालते. येथें तें दार बंद आहे. अपघाताच्या मांसास मुभा दिली, कीं फाशांत धरलेलें हरिण रात्रीं डांबरावर आणून टाकलें म्हणजे काम झालें ! तें कशानें मेलें, हें शिजलेल्या रश्श्यास विचारून कळत नाहीं.

प्रकृतीची गोष्टही आहेच. धडकेनें आंतडीं फुटतात, रक्त आंतच राहतें, वर चैत्रवैशाखाचें ऊन. शिवाय तें जनावर आजारी होतें म्हणूनच गाडीपुढून हललें नाहीं, असें नसेल कशावरून ? काळपुळीसारखा रोग नुसत्या डोळ्यांनीं ओळखण्याचें धाडस आम्ही तरी करणार नाहीं.

तथापि आमचा रोष भुकेवर नाहीं. याच बोरीस कुकडीच्या कांठीं ज्वालामुखीच्या राखेच्या थराशीं आदिमानवाचीं दगडी हत्यारें सांपडलीं आहेत; पडलेलें जनावर कापावें ही बुद्धि तितकीच जुनी असेल. आमचा रोष आहे तो न्यायाच्या वांकड्या नजरेवर. कोयता घेऊन वाकलेला गरीब जागच्या जागीं सांपडतो. हरिणास उडविणारी गाडी तोंवर पुढचा फाटा ओलांडून गेलेली असते. मांस वांटून घेण्याच्या सोयीनें हा अन्याय मिटत नाहीं, उलट गाडीवाल्याच्या मनाची बोचणी तेवढी मिटते.

उपाय अमेरिकेंत शोधण्याचें कारण नाहीं. पेंचच्या रानांतून जाणाऱ्या नागपूरकडील महामार्गावर ९ ठिकाणीं रस्ता उचलून खालून जनावरांस वाट ठेवली आहे. त्यांतील एक ७५० मीटरांची. त्या वाटांनीं हरणें जातात, वाघही जातो. पुणें-नाशिक महामार्गावर बिबटे चिरडल्याच्या वार्ता वाचणाऱ्या आम्हां जुन्नरकरांनीं आपल्या पुढाऱ्यांकडे मागावें तें हें. आणि आमच्या स्नेह्यांनीं, पुढें कधीं त्यांच्याच चाकाखालीं हरिण आलें तर, चुलीचा विचार सोडून गाडी थांबवावी व वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर आपलें नांव सांगावें.