मोटारी धुणाऱ्या हातातला कुंचला

कलावंत जन्मावाच लागतो, असे आपल्या देशात मोठ्या तोऱ्यात सांगितले जाते. तो कोणाच्या घरात जन्मावा लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही. ते गृहीतच धरलेले असते! हे गृहीतक खोटे पाडणारा एक माणूस याच मुंबईत श्रीमंतांच्या मोटारी धूत होता. त्याचे नाव कृष्णाजी आरा.

आरा यांचा जन्म १९१४ साली हैदराबादजवळच्या बोलारम येथे झाला. वडील मोटारचालक. तीन वर्षांचे असताना आई गेली. सातव्या वर्षी हा पोर घरातून पळून मुंबईत आला. पोटासाठी त्याने मोटारी धुतल्या, एका इंग्रज कुटुंबात घरगडी म्हणून राबला. मिठाच्या सत्याग्रहात पाच महिने तुरुंगही भोगला. सुटल्यावर पुन्हा मोटारी पुसणे नशिबी आले, या वेळी एका जपानी कंपनीच्या. चित्रे काढणे मात्र थांबले नाही.

१९४२ साली मुंबईच्या ‘चेतना’मध्ये त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. १९४४ साली ‘मराठा बॅटल’ या चित्राला गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. कलाविषयक लेखनात आरा यांचा उल्लेख दलित चित्रकार असा होतो. आम्ही कोणाच्या जातीचा दाखला मागत नाही. पण घरगड्याच्या हातची ही कला कोणी ओळखली, हे विचारायला हवे.

ती आधी ओळखली ती परदेशी माणसांनी. समीक्षक रुडी फॉन लेडन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी आरांना उत्तेजन दिले. हे दोघेही हिटलरच्या वंशद्वेषी राजवटीच्या छायेतून निघून मुंबईत आलेले. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे किती घातक असते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. येथील मनुवादी संस्कारांत वाढलेल्यांना मात्र नोकराच्या हातात फडकेच शोभून दिसते!

आमच्या चळवळीतले काही मित्र विचारतील, आरांनी रंगवले काय? फुलदाण्या, सुरया, फळे, फुले. यात विद्रोह कुठे आहे? आम्हाला वाटते, विद्रोह तिथेच आहे. बंगल्यातली फुलदाणी पुसायची नोकराने आणि सौंदर्य पाहायचे मालकाने, ही जुनी वाटणी. पुसणाऱ्यानेच त्या फुलदाणीकडे डोळे भरून पाहिले आणि ती आपल्या कागदावर आपल्या रंगांत उभी केली, तेव्हा ही वाटणी मोडली. जलरंगही ते इतके दाट लावत की चित्र तैलरंगातले वाटावे.  जे समोर आहे ते पाहा, आपल्या हाताने मांडा आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागू नका, हेच आम्हाला त्यांच्या कलेचे तत्त्वज्ञान दिसते.

आपल्या कलावंताने फक्त दुःखच रंगवावे, हा आग्रह प्रस्थापितांचा असो की आपला, ती नवी बंदीच होय. चवदार तळ्याचा लढा केवळ पाण्यासाठी नव्हता. तो समतेसाठी होता. मग सौंदर्यावरचा हक्क त्या समतेबाहेर कसा राहील?

आरा एकटेच पुढे गेले नाहीत. मुंबईतील आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात ते रमले, धडपडणाऱ्या नव्या चित्रकारांना त्यांनी हात दिला. १९८५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या सोबत्यांच्या चित्रांना पुढे बाजारात कोट्यवधींचे मोल आले. आरांचे नाव मात्र त्या मानाने मागेच राहिले. आपल्या वस्त्यांत तरी ते कितीजणांना ठाऊक आहे?

आपल्या वस्त्यांतही पेंटर होते. जयंतीला भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब जिवंत करणारे ते हात फ्लेक्सने रिकामे केले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला आपणच सांगतो, “चित्रे काढून पोट भरते का?” पोटाची काळजी खरी आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण मुलाच्या हातातला कुंचला काढून घेण्याचे काम हजारो वर्षे व्यवस्थेने केले. ते आता आपण करू नये.

येत्या जयंतीला वर्गणीतला थोडा पैसा डीजेऐवजी रंगपेट्यांवर खर्च करा. विहारात रविवारी चित्रकलेचा वर्ग भरवा. वस्तीतल्या जुन्या पेंटरला तिथे शिक्षक म्हणून मानाने बोलवा. सात वर्षांच्या एका पोराला या शहरात रंगांपर्यंत एकट्यानेच चालत जावे लागले. आपल्या पोरांना तरी एकटे सोडू नका!